फळांची क्रीम

चौसाळ्यातल्या माझ्या पार्लरमध्ये आरशाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. भिवया करायला आलेल्या पोरी तो मोठ्यानं वाचतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. अक्षर माझंच आहे, थोडं तिरकं. कातडीचा वरचा थर काढणारी ॲसिडची क्रीम असेल तर आधी कानामागे लावून दोन दिवस थांबायचं. काही झालं नाही तरच चेहऱ्याला लावायची, तीही वाटाण्याएवढी, रात्री, आठवड्यातून एकदा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठ सोडून. वरून साधी मऊ करणारी क्रीम. सकाळी उन्हाची क्रीम लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्या आठवड्यात लिंबू, दही, बेसन, ब्लीच, वॅक्स काही नाही. आग झाली की धुवायचं आणि बंद करायचं. लग्न महिन्यावर आलं असेल तर नवीन काहीच सुरू करायचं नाही.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. ‘आमच्या घरच्याच मुलीनं ऐकलं नाही, तिचं काय झालं ते विचारा.’ ती ओळ मी गेल्या महिन्यात कात्रीनं कापून टाकली. का कापली, ते सांगायला हे लिहायला बसले आहे. नाहीतर मला लिहायची हौस नाही आणि सवडही नाही.

ती घरची मुलगी म्हणजे माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती सातवीत होती, दोन वेण्या आणि त्याही एक वर एक खाली. मी बीडला तीन महिन्यांचा पार्लरचा कोर्स करून आले होते. सासूबाईंना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. भिवया उपटायचा धंदा, असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि मी आतल्या आत धुमसायची. माझा स्वभाव मुळातच तापट. भांड्यांवर राग काढायची माझी खोड अजून गेलेली नाही. शेवटी नवऱ्यानं ओसरीचा एक कोपरा पत्रा मारून वेगळा करून दिला, एक खुर्ची आणि एक आरसा आणला, आणि माझं पार्लर सुरू झालं. पहिला महिनाभर गिऱ्हाईकच नव्हतं. नणंद शाळेतून आली की दप्तर टाकून त्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, वैनी, माज्यावर शिका. माझा हात तिच्याच चेहऱ्यावर बसला. दोरा ओढताना तिच्या कपाळाला किती वेळा चीर पडली असेल, पण तिनं कधी आईला सांगितलं नाही.

वयात आल्यावर तिला मुरुमं आली. आली तशी गेलीही, पण दोन्ही गालांवर काळपट डाग ठेवून गेली. डाग म्हणजे काय, जवळून बघितले तर दिसतील एवढेच. ती त्या डागांसकट हसायची, शेतात जायची, बीडला कॉलेजला जायची. मग तलवाड्याचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर बागायती, माणसं बोलायला बरी. पसंती झाली. साखरपुड्याला मुलाच्या मावशीनं हिची हनुवटी दोन बोटांनी वर केली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, फोटोत लई नितळ दिसत व्हती. सगळ्या बायका हसल्या. नणंदही हसली. पण संध्याकाळी पार्लरच्या आरशासमोर ती किती तरी वेळ उभी होती, आणि मी पत्र्याआडून बघत होते.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं होतं. मध्येच मुलाच्या आजोबांनी अंथरूण धरलं आणि तलवाड्याहून निरोप आला की म्हाताऱ्याच्या डोळ्यादेखत होऊ द्या. वैशाखातली तिथी निघाली. हातात बावीस दिवस राहिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पार्लरमध्ये आल्या. नऊ वर्षांत त्या पत्र्याच्या आत पहिल्यांदा आल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या, गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाल्या, “काय बी कर, पन पोरीचं तोंड नितळ कर. तुजं शिक्शान कवा कामाला येनार?”

हे वाक्य ऐकून मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला आनंद झाला. पोरीच्या काळजीपेक्षा मला माझाच आनंद मोठा होता. आता दाखवते, असं मनात म्हणत मी बीडला गेले आणि पार्लरचं सामान मिळतं त्या दुकानातून ॲसिडची क्रीम आणली. जोरदार होती. ही पार्लरवालीनंच हातानं लावायची, घरी द्यायची नाही, असं दुकानदारानं दोनदा बजावलं. मला ते ठाऊक होतंच. कोर्सच्या मॅडमनी हे सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं आणि माझ्या वहीत ते लाल पेनानं उतरवलेलं होतं. कानामागे चाचणी, आठवड्यातून एकदा, ऊन नाही, कार्यक्रमाच्या तोंडावर नवा प्रयोग नाही. वही कपाटात होती. मी ती उघडली नाही, कारण उघडली असती तर क्रीम परत नेऊन द्यावी लागली असती. आठवड्यातून एकदा म्हणजे बावीस दिवसांत तीनदा. तीनदा लावून काय होणार, असा मी हिशेब केला.

मी ट्यूब नणंदेच्या हातात दिली आणि म्हणाले, “रोज लाव. येळ कमी हाय.”

एवढंच. ती म्हणाली, बरं वैनी. कानामागे लावून बघ, असंही मी म्हणाले नाही.

सासूबाईंनी विचारलं, कसली क्रीम? ट्यूबवर ॲसिड लिहिलेलं होतं. आमच्या घरात ॲसिड म्हणजे मोरीची फरशी घासायची बाटली. खरं सांगितलं असतं तर ट्यूब उकिरड्यावर गेली असती आणि मागोमाग माझं शिक्षणही. मी म्हणाले, फळांची क्रीम हाय. ते अगदीच खोटं नव्हतं. असली ॲसिडं ऊस, फळं यांच्यात असतात असं मॅडम सांगायच्या. सासूबाईंचं समाधान झालं.

पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळला. गाल तुकतुकीत दिसायला लागले, डाग फिके वाटायला लागले. भावकीतल्या बायका थांबून विचारायच्या, काय लावती गं? सासूबाई माझ्याकडे बोट करायच्या. एके दिवशी दुपारी त्या स्वतः चहाचा कप घेऊन पार्लरमध्ये आल्या आणि माझ्यापुढे ठेवला. मी तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायले. त्या चहाची चव आठवली की अजून तोंड कडू होतं.

मग तिथंच बिघडलं. फळांची क्रीम एवढं काम करते तर नुसतं फळ किती करेल, असं सासूबाईंना वाटलं. रोज पहाटे अंगणात लेकीला पाटावर बसवून त्या तिच्या गालांवर डाळीचं पीठ, दही आणि अर्धं लिंबू चोळायला लागल्या. त्यांचा हात खुरपं धरून राठ झालेला. मी घागर घेऊन बाहेर आले आणि बघितलं. रात्री ॲसिड लावलेल्या कातडीवर सकाळी लिंबू आणि खरखरीत पीठ. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलायचं तर क्रीम कशाची ते सांगावं लागणार, आणि सासूबाई तर आत्ताच कुठं माझ्या बाजूच्या झाल्या होत्या. मी घागर उचलली आणि पाणी भरायला गेले.

त्यातच केळवणं सुरू झाली. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला भावकीतल्या प्रत्येक घरी जेवायला बोलावतात, आणि नाही म्हटलं तर सात पिढ्यांचा उद्धार करतात. रोज दुपारी बाराच्या उन्हात ही नटून निघायची. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे बोलायची सोय नाही. मी तिला उन्हाची क्रीम दिली होती. ती म्हणाली, चिकचिक होती अन् तोंड पांढरं दिसतं, बायका मनतील पावडर थापून आली. मी म्हणाले, बघ बाई तुझं तू. आग्रह धरला नाही. ओढणीनं तोंड झाकावं तर नवरी मुलगी तोंड झाकून का आली म्हणून विचारणार. सगळ्यांना तिचा उजळलेला चेहराच बघायचा होता.

बाराव्या दिवशी ती म्हणाली, वैनी, साधं पानी लागलं तरी आग व्हती. मी म्हणाले, थोडं चुरचुरायचंच, म्हंजी काम करतंय. हे वाक्य आम्ही पार्लरवाल्या उठता बसता म्हणतो. आता कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी तिला तिथंच थांबवते.

सोळाव्या दिवशी तिच्या मामांकडे बीडला केळवण होतं. भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून गेली आणि तशीच आली. संध्याकाळी चेहरा लाल दिसत होता. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. सकाळी ती पार्लरमध्ये आली आणि आतून कडी लावून घेतली. दोन्ही गालांची वरची कातडी निघाली होती. खालून ओलसर, तांबडं दिसत होतं. उजव्या गालाचा एक पापुद्रा उशीच्या अभ्र्याला चिकटून राहिला होता आणि तो अभ्रा तिनं हातात आणला होता. ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “वैनी, हे कसलं वो?”

रात्री ती इथल्याच आरशासमोर क्रीम लावायची, तिथं ट्यूब पडलेली होती. मी ती आधी उचलून कात्र्यांच्या डब्याखाली लपवली आणि मग पाणी आणायला गेले. हा क्रम मला आजपर्यंत विसरता आलेला नाही. गार पाण्यानं चेहरा धुतला, साबण लावला नाही, मऊ सुती कापड भिजवून ठेवलं. पाच मिनिटांनी काढलं, पुन्हा भिजवलं. ती डोळे मिटून बसली होती आणि कापड ठेवलं की तिचे पाय आखडायचे. लग्नाला सहा दिवस होते. सहा दिवसांत कातडी येत नाही, हे मला समजत होतं, तरी मी मोजत होते. दुपारपर्यंत थोडी कोरडी पडेल, उद्यापर्यंत खपली धरेल, परवा. मनात सारखं तेच. वहीत काही आहे का म्हणून तेव्हा मी कपाट उघडलं. लाल पेनानं लिहिलेलं पान समोर आलं आणि मी वही परत ठेवून दिली.

दुपारी सगळं घर ओसरीवर जमलं. सासूबाई डोक्याला हात लावून खाली बसल्या होत्या. सासरे रस्त्याकडे बघत होते. नवऱ्यानं विचारलं, काय लावलं तिला? माझ्या तोंडातून भसकन निघालं, “आठवड्यातून एकदा सांगितलं व्हतं.”

नणंद भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त बघत होती, मी पुढं आणखी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. मग ती म्हणाली, “व्हय. म्याच रोज लावलं.”

सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. तोंडाची हौस नडली, म्हणाल्या. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशप्पथ वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि ते लग्नाला सहा दिवस राहिलेल्या नवरीच्या डोक्यावर गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन बीडला कातडीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी चेहरा बघितला आणि काय लावलं, किती दिवस, वर काय चोळलं, उन्हात गेलीस का, एवढं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ही क्रीम वाईट नसते, पण रोज लावायला आणि वरून घासायला चेहरा म्हणजे मोरी नाही. एक मलम दिलं. पंधरा दिवस ऊन नाही, मेकअप नाही, हळद नाही, काहीच नाही. मी म्हणाले, मॅडम, चार दिवसांवर हळद आहे. त्यांनी कागदावरचा हात थांबवला. मग म्हणाल्या, तिकडच्या लोकांना सांगा. सांगितलं तर समजून घेतील. नाहीतर डाग कायमचे बसतील.

परत येताना एसटीत गर्दी होती. तिनं ओढणीनं चेहरा झाकला होता, फक्त डोळे दिसत होते. मांजरसुंब्याचा घाट चढताना तिनं मला विचारलं, सांगायचं का त्यान्ला? मी म्हणाले, कुनाला काही सांगायचं न्हाई. ती मावशी काय बोलल ठाव हाय ना? लग्न मोडलं तर? ती पुन्हा म्हणाली, पन डॉक्टर मनल्या. मी म्हणाले, डॉक्टरला काय जातं मनायला. मला लग्न मोडायची भीती होती हे खरं. पण त्याहून मोठी भीती अशी की तलवाड्याच्या माणसांनी खोलात विचारलं तर ‘रोज लाव’ हे बाहेर येईल, आणि मग चौसाळ्यात माझ्या खुर्चीत कोण बसणार? ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

हळदीच्या दिवशी मी एक युक्ती केली. आमच्या घरच्या सवाष्णींना कानात सांगितलं की हाता-पायांना लावा, तोंडाला नुसतं बोट टेकवा. हळदीत साय घातली, तेल घातलं, जेवढी सौम्य होईल तेवढी केली. पण उष्टी हळद तलवाड्याहून यायची होती. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीच्या घरी आणतात आणि मग ती नवरीला लावतात. ती नाही कशी म्हणायची? जीप आली. करवली आली, चार बायका आल्या आणि त्यांच्या पुढं ती मावशी, हातात ताट. ताटातली हळद घरच्या जात्यावर दळलेली, घट्ट, भगवी.

नवरी पाटावर बसली होती, पदर पुढं ओढून. मावशीनं पदर सारला. एक क्षण ती थबकली. गाल तांबडे, कडांना पापुद्रे. हे काय गं, म्हणाली. सासूबाई घाईनं म्हणाल्या, ऊन लागलंय केळवनात. मावशी म्हणाली, मग हळदीनं बरं व्हईल की. हळद थंड आस्ती. तिनं दोन्ही तळवे ताटात बुडवले.

मी शेजारीच उभी होते, हातात आंब्याच्या डहाळ्या घेऊन. मध्ये एक हात घातला असता तरी पुरलं असतं. डॉक्टरनं नको सांगितलंय, एवढं म्हणायचं होतं. नणंदेनं माझ्याकडे बघितलं. ओसरीवर बघितलं होतं तसंच, मी काही बोलते का म्हणून. मावशीचे तळवे तिच्या गालांवर टेकले आणि वरून खाली घासत आले. तिचं सगळं अंग एकदा ताठ झालं. तिनं पाटाची कड दोन्ही हातांनी धरली, नखं पांढरी पडली. तोंडातून बारीक आवाज निघाला. बायका हळदीचं गाणं म्हणत होत्या, ते तेवढ्यात जरा खाली आलं होतं. तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी गाणं मोठ्यानं धरलं. माझा आवाज चांगला आहे. बायका माझ्यामागे म्हणायला लागल्या आणि मांडव दणाणून गेला.

मी आयुष्यात पुष्कळ वाईट वागले असेन, पण त्या गाण्याएवढं नाही.

लग्नाच्या सकाळी नवरीला सजवायचं काम अर्थातच माझं. घरात पार्लरवाली असताना बाहेरची कोण बोलावणार? हळद धुतली तरी कातडीत पिवळी उतरली होती. मी जो थर द्यायची तो सुकून फाटायचा. तीन वेळा पुसून पुन्हा लावला. पुसताना तिचे डोळे भरून यायचे आणि पाणी गालावर आलं की आणखी आग व्हायची, म्हणून ती मान मागे टाकून डोळ्यांतच पाणी धरून ठेवायची. मी म्हणाले, दुखतंय का? ती म्हणाली, वैनी, लवकर करा, लोकं आलेत. लग्न लागलं. मोडलं नाही. फोटोत ती सगळीकडे खालीच बघते आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. खपल्या गेल्या आणि दोन्ही गालांवर तळहाताएवढे तपकिरी पट्टे राहिले. आधीचे डाग त्यांच्यापुढे काहीच नव्हते. दिवाळीला, पंचमीला ती माहेरी यायची. मी तिच्या पिशवीत उन्हाच्या क्रीमच्या ट्यूबा टाकायची. ती म्हणायची, कशाला वैनी. घ्यायची मात्र. आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो, सगळ्या गावाचं बोलायचो आणि त्या एका गोष्टीबद्दल कधी बोललो नाही.

गिऱ्हाइकं विचारायची. तुमच्या नणंदेचं असं कसं झालं? माझं उत्तर तयार होतं. आठवड्यातून एकदा सांगितलं होतं, तिनं रोज लावलं, अति तिथं माती. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझा सूरही ठरून गेला. मग तो कागद लिहिला आणि खाली ती ओळ लिहिली. पोरी घाबरायच्या, नियम पाळायच्या. मला वाटायचं, चला, कुणाचं तरी भलं होतंय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा शहाणपणाच्याही असतात.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या महिन्यात दुपारी नणंदेचा फोन आला. मी एका पोरीच्या भिवया करत होते, तिला थांबवून फोन घेतला. तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. वैनी, तिच्या बी कपाळावर डाग हायत, म्हणाली. कुनीतरी तिला ॲसिडची क्रीम लावाय सांगितलीय. आत्याबाई मनल्या, तुज्या वैनीला इचार. सासूला ती आत्याबाई म्हणते. किती दिवसांवर आहे लग्न, मी विचारलं. दोन महिने, म्हणाली. मी कागदाकडे बघत सगळं सांगितलं. कानामागे लावून बघायचं, आठवड्यातून एकदा, वाटाण्याएवढी, उन्हाची क्रीम, लिंबू नाही, आग झाली की बंद, आणि शेवटचा महिना चेहऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. ती लिहून घेत होती. पेनाचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, “रोज न्हाई ना?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती नीट लिहून घेण्यासाठीच विचारत होती. माझ्या हातात दोरा होता, तो बोटाभोवती घट्ट गुंडाळला गेला होता आणि बोट निळं पडलं होतं. मी म्हणाले, न्हाई, रोज न्हाई. ती म्हणाली, तेवढं आत्याबाईंना सांगा. त्यान्ला माजं पटत न्हाई. त्या मनतात, हिला काय इचारता, हिनं स्वताच्याच तोंडाची हौस करून वाटोळं केलं. समद्या गावात तसंच मनतात. थांबा, फोनचा आवाज मोठा करते, त्या हितंच हायत.

तीन वर्षं ती हे ऐकत होती. स्वयंपाकघरात, शेतात, हळदीकुंकवात, माझं वाक्य तिला तलवाड्यात पुन्हा पुन्हा ऐकवलं जात होतं, आणि दिवाळीला येऊन ती माझ्याशेजारी बसून मेथी निवडत होती.

खुर्चीतली पोर अर्ध्या भिवईनं माझ्याकडे बघत होती. ती आमच्याच गल्लीतली, संध्याकाळपर्यंत चौसाळाभर करणार हे मला माहीत होतं. फोनमधून नणंदेच्या सासूचा आवाज आला, हं, बोला बाई. मी म्हणाले, “तिनं हौस न्हाई केली. रोज लाव मनून म्याच सांगितलं व्हतं. समद्यांसमोर खोटं बोलले. हळदीच्या दिवशी बी गप ऱ्हायले.”

पलीकडे कुठंतरी मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. मग तिच्या सासूबाई बोलल्या, पण माझ्याशी नाही. “कावून सांगितलं न्हाईस गं? आमी तुला काय काय बोललो.”

ती म्हणाली, “वैनीचं पार्लर बंद पडलं आस्तं, आत्याबाई.”

आणि मग ती रडायला लागली. अभ्रा हातात घेऊन आली तेव्हा रडली नव्हती, पाटावर रडली नव्हती, सजवताना पाणी डोळ्यांतच धरून ठेवलं होतं. मी फोन कानाला लावून नुसती उभी होते. मलाही रडू आलं, पण माझ्या रडण्याला काय किंमत? थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं, पेन उचलल्याचा आवाज आला. म्हणाली, वैनी, कानामागं लावून किती दिवस थांबायचं ते परत सांगा, ते लिवायचं ऱ्हायलं.

मी सांगितलं, दोन.